मृत्युपत्राचीही नवी आवृत्ती काढावी लागते

मृत्युपत्राचा विषय काढला की घरातली वडीलधारी माणसे गप्प होतात. ‘अजून धडधाकट आहे मी, एवढी कसली घाई?’ असे म्हणून आजोबा तंबाखू मळायला घेतात. पण मृत्युपत्र करावे की करू नये, यावर आज मला बोलायचे नाही. त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. मला बोलायचे आहे ते ज्यांनी मृत्युपत्र केले आहे, कपाटात नीट घडी घालून ठेवले आहे आणि आता आपण मोकळे झालो असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी. कागद जिथल्या तिथे राहतो. घर मात्र दर वर्षी बदलत असते. लेक सासरी जाते, नातू जन्मतो, धाकटा हैदराबादला नोकरीला लागतो, थोरल्याशी बिनसते, आणि कधी कधी ज्याच्या नावाने सगळे लिहून ठेवले तोच आपल्या आधी निघून जातो.

मी वकील नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण सडक अर्जुनीसारख्या गावात चार ओळी नीट लिहिता येणाऱ्याकडे लोक हातात कागदाची पिशवी घेऊन येतातच. ‘भाऊ, एवढे वाचून सांगा’ म्हणतात. त्या पिशव्यांतून मला एक गोष्ट दिसत आली. भांडण बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे होते हे खरे. पण कागद जुना असल्यामुळे होणारे भांडण जास्त कडू असते. कारण तिथे एकाच्या हातात वडिलांची सही असते आणि दुसऱ्याच्या मनात वडिलांचा शेवटच्या दिवसांतला शब्द.

पहिली साधी गोष्ट. मृत्युपत्र हे करणारा जिवंत असेपर्यंत कुणालाही काही देत नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर बोलू लागते. म्हणून तोपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते, रद्द करता येते, नव्याने लिहिता येते. ‘मी हे कधीही बदलणार नाही’ असे त्यात लिहिले तरी बदलता येते. आणि दोन मृत्युपत्रे निघाली तर शेवटचे खरे मानले जाते. पहिले नोंदणी केलेले आणि दुसरे साध्या कागदावरचे असले, तरी दुसरे कायद्याप्रमाणे नीट केलेले आणि सिद्ध झालेले असेल तर तेच चालते. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्कही नाही. नोंदणी केलेली बरी, कारण पुढे ‘सही वडिलांची नाहीच’ म्हणणाऱ्याचे तोंड थोडे बंद होते. पण नोंदणी म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

आता घरात बदल झाला की मृत्युपत्राचे काय होते? याचे उत्तर माणूस कोणत्या कायद्याखाली येतो त्यावर आहे, आणि इथेच गल्लत होते. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाने लग्न केले की त्याचे आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातच तसे आहे. हिंदूंना हा नियम लागू नाही, मुसलमानांनाही नाही. म्हणजे आमच्या भागातल्या बहुसंख्य माणसांनी लग्नाआधी सगळे भावाच्या नावाने लिहून ठेवले असेल, तर लग्न, दोन लेकरे आणि वीस वर्षांचा संसार झाल्यावरही तो कागद तसाच जिवंत राहतो. घटस्फोटाचेही तेच. नवरा-बायको वेगळे झाले म्हणून आधीच्या मृत्युपत्रातले तिचे किंवा त्याचे नाव आपोआप पुसले जात नाही. ते आपण पुसावे लागते.

जमिनीचे आणखी निराळे. मृत्युपत्रात ‘महामार्गालगतची दोन एकर धानाची बांधी धाकट्याला’ असे लिहिले, आणि पुढे रुंदीकरणात ती बांधी शासनाने संपादन केली. मोबदला बँकेत जमा झाला. धाकट्याला काय मिळणार? सामान्य नियम असा की जी नेमकी वस्तू लिहून दिली ती मृत्यूच्या वेळी आपल्याकडे राहिलीच नाही, तर ते देणे बुडते. जमिनीच्या जागी आलेले पैसे आपोआप त्याला मिळत नाहीत. ते उरलेल्या मालमत्तेत मिसळतात. आमचे गावच सडकेच्या नावाने ओळखले जाते. मुंबई-कोलकाता रस्ता, आधीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, गावाच्या अंगावरून जातो. ज्यांच्या जमिनी सडकेत गेल्या त्यांच्यापैकी ज्यांनी त्याआधी मृत्युपत्र केले असेल, त्यांनी ते आज उघडून बघावे.

तसेच पत्त्यांचे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर आपण सगळे भंडारा जिल्ह्यातले. एवढ्याने मृत्युपत्र खोटे ठरत नाही. पण जुना गट क्रमांक, जुनी हद्द, विकून टाकलेला तुकडा आणि नंतर घेतलेला तुकडा हे सगळे एकत्र आले की वाद घालणाऱ्याला कोपरा सापडतो. नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी ‘याशिवाय माझ्या मृत्यूच्या वेळी जे काही माझे असेल ते सर्व’ असे एक वाक्य लागते. हे वाक्य नसले की नवी मोटारसायकल, नवी मुदत ठेव आणि नवे घर मृत्युपत्राच्या बाहेर राहतात.

वनहक्काचे पट्टे ज्यांना मिळाले आहेत त्यांनी तर मृत्युपत्रात ती जमीन टाकूच नये असे मी सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ती वारसाने पुढे जाते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. लग्न झालेल्यांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने असतो. एकाने ‘माझा पट्टा’ म्हणून लिहून देणे तिथे बसत नाही. आणि आदिवासींची मूळ जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महसूल कायद्याची बंधने आहेतच.

आता माझ्या स्वतःच्या समाजाविषयी थोडे सविस्तर बोलतो. कारण मुसलमानांच्या वसीयतीत बदलत्या परिस्थितीचा प्रश्न जितका टोकदार होतो तितका इतरत्र होत नाही, आणि आमच्यातलेच पुष्कळ लोक त्याबाबत अंधारात असतात.

कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि बायकोची न दिलेली मेहर हे आधी फेडायचे. मेहर हेही कर्जच आहे, हे पुरुष सोयीस्करपणे विसरतात. मग जे उरेल त्याच्या फक्त एक तृतीयांशाची वसीयत करता येते. त्याहून जास्त लिहिले तर वारसांची संमती लागते. आणि सुन्नी, हनफी कायद्याप्रमाणे जो वारस आहे त्याला वसीयतीने काहीच देता येत नाही. बाकीच्या वारसांनी, तेही मृत्यूनंतर, होकार दिला तरच. शिया कायद्यात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही देता येते. वसीयत तोंडीही चालते. साक्षीदारांची सक्ती नाही. पण तोंडी वसीयत म्हणजे मयतीच्या घरात चार माणसांच्या चार आठवणी. लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून ठेवावी हेच शहाणपणाचे.

आता खरी गाठ अशी की ‘वारस कोण’ हे वसीयत लिहिली त्या दिवशी ठरत नाही, मृत्यूच्या दिवशी ठरते. समजा एका माणसाला एक मुलगा आहे आणि एक गरीब भाऊ आहे. मुलगा असताना भाऊ वारस होत नाही, म्हणून भावाच्या नावाने केलेली वसीयत चालते. पुढे मुलगा बापाच्या आधी वारला आणि मागे मुलाचा मुलगाही नाही. आता भाऊ वारस झाला. झाला वारस, आणि त्याच क्षणी जुनी वसीयत लंगडी झाली, कारण वारसाला वसीयत नाही. उलटही होते. भाऊ वारस असताना त्याला लिहून दिले, मग मुलगा जन्मला, भाऊ वारस राहिला नाही, आणि न चालणारा कागद चालू लागला. कागदावरचे एक अक्षरही बदललेले नसते; बदललेले असते ते घर.

आणि सगळ्यात जास्त जिथे माझा जीव तुटतो ती गोष्ट म्हणजे बाप नसलेले नातू. हनफी कायद्यात मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असला, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वारसाने काही मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाची लेकरे आणि विधवा पहिल्या वर्गाचे वारस असतात. आमच्यात तसे नाही. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसीयतीचा कायदा केला. पाकिस्तानने १९६१ मध्ये त्यांना थेट बापाच्या जागी उभे केले. भारतात दोन्हीपैकी काही झाले नाही. इथे एकच दार उघडे आहे, आणि ते म्हणजे आजोबांनी स्वतः वसीयत लिहिणे. नातू वारस नाही, म्हणून त्याच्या नावाने वसीयत करता येते. तीच गोष्ट त्याच्या उपयोगाची.

आकडे घालून बघू. समजा एका दुकानदाराचे दुकान, घर आणि ठेवी मिळून, कर्ज वजा जाता, ३६ लाख रुपये होतात. मागे बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. दुसरा मुलगा आधीच वारला, त्याची दोन लेकरे आहेत. दुकानदार काही न लिहिता गेला तर बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे साडेचार लाख. उरलेल्या साडेएकतीस लाखांत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, म्हणजे २१ लाख आणि साडेदहा लाख. दोन पोरक्या लेकरांना शून्य. आता त्याने मुलगा वारल्यावर वसीयत केली आणि एक तृतीयांश नातवंडांना लिहिले, तर त्यांना १२ लाख मिळतात. उरलेल्या २४ लाखांत बायकोला ३, मुलाला १४ आणि मुलीला ७ लाख. कुणाचे घर बुडत नाही आणि दोन लेकरांचे शिक्षण होते. मधला फरक एका कागदाचा आहे, आणि तो कागद मुलाच्या मृत्यूनंतर लिहायला हवा, जेव्हा म्हाताऱ्याचा हात थरथरत असतो आणि घरात पैशाविषयी बोलणे हलकेपणाचे वाटते. तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तो विषय काढावा. माझे मत विचाराल तर जिवंत असलेल्या मुलाने काढावा. तो त्याच्याच तोंडी शोभतो.

आमच्या कायद्यात वसीयत शब्दाने रद्द होते तशी कृतीनेही होते. जागा कुणाच्या नावाने लिहिली आणि मग तिच्यावर आपणच घर बांधले, तर ती वसीयत मागे घेतली असे समजतात. विकली तर अर्थातच. आणखी एक. मुसलमान माणसाने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले तर त्याच्या मालमत्तेला वारसाचा वेगळाच, १९२५ चा, कायदा लागतो आणि एक तृतीयांशाची मर्यादाही राहत नाही. निकाह झाल्यावर पुढे परदेशी व्हिसाच्या सोयीसाठी त्या कायद्याखाली नोंद करणाऱ्या तरुणांना हे कुणी सांगत नाही.

आता थोडे जुन्या काळात जाऊ. आधीच्या पिढीने बदलत्या परिस्थितीचा विचार केला नव्हता असे नाही. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीने आजारी पडले आणि मृत्यूच्या दिवशीच त्यांनी मृत्युपत्र केले. विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. बाबा महाराजांची पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. म्हणून मृत्युपत्रात सोय केली होती की मुलगा झाला नाही किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा. माणूस मरणाच्या दारात असताना दोन पावले पुढचे बघतो आहे, हे मला विलक्षण वाटते. आणि झाले तसेच. १८९८ मध्ये मुलगा झाला आणि काही आठवड्यांत गेला. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेण्यात आले. पुढे ताई महाराज फिरल्या, त्यांनी दुसराच मुलगा दत्तक घेतला, आणि जो खटला उभा राहिला त्याने टिळकांसारख्या माणसाला खोट्या साक्षीच्या आरोपाखाली शिक्षेपर्यंत नेले. १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी निकाल मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमधून १९१५ मध्ये लागला, जगन्नाथाच्या बाजूने.

टिळकांची ही कथा आपण त्यांच्या निःस्पृहतेसाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात मृत्युपत्र करणाऱ्यासाठीही एक गोष्ट आहे. ‘असे झाले तर तसे’ ही कलमे लिहिलेली असली तरी त्यांची अंमलबजावणी करणारी माणसे आणि ज्यांच्या आयुष्यावर त्यांचा परिणाम होतो ती माणसे यांचे पटायला हवे. विधवा पत्नीचे मत कुणी किती विचारले, हा प्रश्न त्या काळात विचारला जात नसे. आज तो पहिला असावा.

विश्वस्तांचा विषय निघालाच आहे तर ट्रस्टविषयीही सांगतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘लिव्हिंग ट्रस्ट’ ही गोष्ट सर्रास असते. माणूस जिवंतपणीच घर, गुंतवणूक एका ट्रस्टच्या नावाने करतो, स्वतःच विश्वस्त राहतो, हवे तेव्हा कलमे बदलतो, आणि त्याच्या मागे कोर्टाच्या फेऱ्यांशिवाय ती मालमत्ता मुलांकडे जाते. तिथेही घोटाळा तोच होतो. ट्रस्ट केला, मग पाच वर्षांनी नवे घर घेतले आणि ते ट्रस्टच्या नावाने करायचे राहून गेले. डबा आहे, पण दाणे बाहेर. आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लेकरांच्या आईबापांनी हे लक्षात घ्यावे की तिथे साधारणपणे लग्न होताच आधीचे मृत्युपत्र रद्द होते. मुलाने तिकडच्या घराविषयी काही लिहिले असेल तर लग्नानंतर पुन्हा लिहायला सांगा.

आपल्याकडे खाजगी ट्रस्टसाठी १८८२ चा कायदा आहे. पण जिवंतपणी केलेला ट्रस्ट आपल्या मनाने मोडता येत नाही. करतानाच ‘मला तो मागे घेण्याचा अधिकार राहील’ असे लिहून ठेवले असेल तर येतो, नाहीतर सगळ्या सज्ञान लाभार्थींची संमती लागते. हे वाक्य लिहायला अर्धी ओळ लागते आणि न लिहिले तर आयुष्यभर पुरते. मुसलमानांत याच्या जवळची संस्था म्हणजे वक्फ-अलल-औलाद, कुटुंबासाठी केलेला वक्फ. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ अमान्य केला, तेव्हा देशभर नाराजी झाली आणि जीनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा कायदा आला. वक्फ एकदा केला की मागे घेता येत नाही. ज्याला पुढे बदल करावासा वाटण्याची शक्यता आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात, असा वक्फ करून मुलींचा आणि इतर वारसांचा हक्क डावलता येणार नाही असे कलम आहे. त्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टींवर वाद आहे, पण मुलींना टाळण्यासाठी वक्फ करणाऱ्यांची तरफदारी मी करणार नाही.

गावातले देऊळ, वाचनालय किंवा शिक्षण मंडळ हे सार्वजनिक ट्रस्ट, त्यांचा कायदा वेगळा. पण तिथेही बदलाची नोंद लागते. विश्वस्त वारला किंवा नवा आला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. मंडळाच्या कागदावर अजून वारलेल्यांचीच नावे असली की बँकेचे खाते एक दिवस थांबते, आणि मग सगळे धावतात.

यानंतर नॉमिनीकडे येतो, कारण सामान्य माणसाची मालमत्ता आज जमिनीपेक्षा बँकेत, विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत जास्त असते. पुष्कळांना वाटते की नॉमिनी म्हणजे मालक. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला दावा या बाबतीत देशाला दिशा देणारा ठरला. साळगावकरांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केले, ऑगस्ट २०१३ मध्ये ते गेले. मृत्युपत्राशिवाय काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड होते, त्यांना नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनींचे म्हणणे असे की हे आता आमचेच. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला, की नामनिर्देशनाने वारसाचा कायदा बदलत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे ठरते. ज्यांनी साऱ्या महाराष्ट्राच्या भिंतीवर तारखा लावल्या त्यांच्या घरचा हा निकाल यायला दहा वर्षे लागली.

विम्याला एक अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी नॉमिनी असेल तर विम्याची रक्कम त्याचीच होते. म्हणून तिथे जुने नाव जास्त महाग पडते. लग्नाआधी आईचे नाव टाकलेली पॉलिसी, आणि लग्नानंतर बायकोचे नाव घालायचे राहिले, तर बायकोच्या हाती फार काही उरत नाही. भविष्यनिर्वाह निधीत उलट आहे. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द होते आणि नवे करावे लागते. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी ठेवता येतात. प्रत्येकाचा टक्का लिहून, किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. ज्यांच्या पासबुकावर अजून वारलेल्या काकांचे नाव नॉमिनी म्हणून छापून येते त्यांनी पुढच्या वेळी बँकेत गेल्यावर अर्ज मागून घ्यावा.

सातबाऱ्याचेही असेच. वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, म्हणजे मालकी ठरली असे नव्हे. ती नोंद महसुलासाठी. पण नोंदच नसली तर बोनस, पीक कर्ज, नुकसानभरपाई सगळे अडते. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याकडे खबर द्यायची असते. आमच्याकडे आजोबांच्या नावाचे सातबारे अजून निघतात, आणि त्यावर हक्क सांगणारी माणसे दहा घरांत पसरलेली असतात.

ज्यांना मृत्युपत्राची वाट न बघता आत्ताच देऊन टाकायचे असते त्यांना एक सावधगिरीची सूचना. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेती पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. स्वस्त झाले म्हणून पुष्कळांनी बक्षीसपत्रे केली. पण मृत्युपत्र बदलता येते, बक्षीसपत्र नाही. आमच्यातल्या हिब्याचेही तेच. ताबा दिला की आईबाप, मुले, नवरा-बायको यांच्यातला हिबा मागे घेता येत नाही. वाचवणारी एकच वाट म्हणजे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. सांभाळ करण्याच्या अटीवर दिले आणि सांभाळले नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला तिची मालमत्ता परत द्यायला लावली. पण २०२२ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने म्हटले होते की सांभाळाची अट होती हे दाखवावे लागते. तेव्हा अट बक्षीसपत्रातच लिहा. मुलावर विश्वास आहे म्हणून अट नको, असे म्हणणारे आईबाप मी पाहिले आहेत. विश्वास असेल तर अट लिहिल्याने मुलाचे काही जात नाही.

आता बदल करायचा तो कसा? जुन्या मृत्युपत्रावर पेनाने खोडून वर नवे नाव लिहायचे, ही सगळ्यात वाईट रीत. तशा खाडाखोडीवर पुन्हा सही आणि दोन साक्षीदार नसतील तर ती धरली जात नाही, आणि संशय मात्र सगळ्याच कागदावर येतो. किरकोळ बदल असेल, उदाहरणार्थ व्यवस्थापक बदलायचा असेल, तर पुरवणी मृत्युपत्र करता येते. त्यालाही मूळ मृत्युपत्रासारखीच सही आणि साक्षी लागतात. पण दोन-तीन पुरवण्या झाल्या की कुठली कशावर बसते हे कळेनासे होते. माझा सल्ला सरळ नवे मृत्युपत्र करण्याचा. कवितासंग्रहाची नवी आवृत्ती काढताना आपण जुन्या पानांवर चिठ्ठ्या चिकटवत नाही. नव्यात पहिल्याच परिच्छेदात लिहावे, की यापूर्वीची अमुक तारखेची आणि इतर सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे. तारीख आठवणीने घालावी. जुन्या कागदाच्या प्रती कुणाकुणाकडे आहेत त्या परत घ्याव्यात.

साक्षीदारांचेही वय बघा. बहुतेक माणसे आपल्याच वयाचे मित्र साक्षीला घेतात. मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ येते तेव्हा किमान एका साक्षीदाराला कोर्टात उभे राहावे लागते. दोघेही वारले असतील तर सह्या ओळखणारी माणसे शोधत बसावे लागते. साक्षीदार गेले हेही मृत्युपत्र नव्याने करण्याचे पुरेसे कारण आहे. व्यवस्थापक म्हणून नेमलेला माणूस आजारी किंवा दूर गेला असेल तर तेही. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. काही धर्मीयांत त्याने त्याचे देणेच बुडते, आणि बाकीच्यांत निदान संशय येतो.

कुणाला कमी दिले तर का दिले, हे एका वाक्यात लिहावे. ‘मुलीला लग्नात दिले’ एवढे कारण मला पटत नाही, कोर्टालाही ते नेहमी पुरत नाही. पण ‘थोरल्याला २०१८ मध्ये दुकानासाठी पाच लाख दिले होते’ हे पुरते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत हिंदू माणूस फक्त स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करू शकतो, आणि त्यात मुलींचाही जन्मसिद्ध हिस्सा आहे. हा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, पण तेव्हा लग्न होऊन गेलेल्या मुलींना वगळून; २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो सगळ्याच मुलींना मिळाला. तेव्हा १९९४ च्या आधी केलेली मृत्युपत्रे ज्यांच्या घरी आहेत त्यांचा हिशेब बहुधा आता चुकलेला असणार.

नोंदणीला जाताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन्ही साक्षीदार, ओळखीचे कागद आणि प्रत्येकाचे फोटो घेऊन जा. वय साठ-सत्तरच्या पुढे असेल किंवा आजारपण असेल, तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला बरोबर ठेवा, की माणूस शुद्धीवर आहे आणि त्याला सगळे समजते आहे. घरात कळू नये असे वाटत असेल तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे, आणि तो लखोटा परत मागून घेता येतो. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुम्ही जिवंत असेपर्यंत तुमच्याशिवाय कुणालाही मिळत नाही. म्हणून सुनेला कळेल, जावयाला कळेल या भीतीने थांबू नका. फक्त कागद कुठे आहे हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, आणि तो माणूस बदलला तर नव्या माणसाला सांगा.